गोत्र कोणतं सांगू?

उद्या सकाळी माझ्या हृदयातली एक झडप काढून तिथे दुसरी बसवणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले पंचाण्णव लोक आपल्या पायांनी घरी जातात. उरलेल्या पाचांचं मी विचारलं नाही, कारण मला गणित येतं. बत्तीस वर्षं मी वाराणसीच्या एका मुलींच्या इंटर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. देव मानत नाही हे मी कधी लपवलं नाही आणि मिरवलंही नाही. म्हणजे फारसं मिरवलं नाही.

आजारी पडल्यावर मात्र कळलं की न मानणाऱ्या माणसाला या शहरात धड आजारी पडायचीही सोय नाही. दूधवाल्याने परस्पर विश्वनाथाला नवस बोलून टाकला. ज्या मुलींना मी ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम प्रयोगशाळेत बसवून समोसे खायला लावले होते, त्यांनी मोबाईलवर गट करून माझ्यासाठी हनुमान चालिसाचे पाठ वाटून घेतले. हृदयाचा आलेख काढणारा माणूस म्हणाला, "सब ऊपरवाले के हाथ में है, मैडम." मग तुझ्या हातात काय आहे रे बाबा, असं विचारणार होते, पण त्याच्या हातात माझ्या छातीला चिकटवलेल्या वायरी होत्या, म्हणून गप्प बसले.

शेजारच्या शरदिनीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशेबी आणि शहाण्या बाई. त्या एक दिवस कालभैरवाचा काळा गंडा घेऊन आल्या आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी तो माझ्या मनगटाला बांधलाही. मला राग आला. राग कुणाचा, ते मात्र नीट सांगता येईना. मी बरी झाले तर श्रेय गंड्याला मिळणार आणि नाही झाले तर दोष माझ्या नास्तिकपणाला, म्हणजे दोन्हीकडून हरणार मीच. शिवाय आपण अंथरुणावर असताना लोक आपल्याला न विचारता कुठे कुठे आपलं नाव नेऊन ठेवतात, यात मला कुणी परस्पर घरात शिरल्यासारखं वाटत होतं. हे सगळं मी माझ्या नवऱ्याला, नीलकंठला, तावातावाने सांगितलं.

"मग काढून टाक," तो म्हणाला.

"शरदिनीबाईंना वाईट वाटेल."

"त्या सोमवारीच लखनौला मुलाकडे गेल्या. आज शनिवार आहे."

गंडा मनगटावर राहिला.

पण खरी गोष्ट गंड्याची नाही, माझ्या भावाची आहे.

माझं माहेर याच शहरात, पंचगंगा घाटाच्या वर मंगला गौरीच्या गल्लीत आहे. आमच्या सुंदरपूरहून ऑटोने पाऊण तास आणि मग थोडं पायी. तेहेतीस वर्षांत तेवढं अंतर माझ्याने तोडवलं नाही. वडील वैदिक होते. दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करत. माझा भाऊ बिंदुमाधव माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, वडिलांच्या मागे तेच काम करतो. नीलकंठ भुसावळकडचा, जातीने मराठा, इथल्या रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला आलेला. आम्ही कोर्टात लग्न केलं.

त्या दिवशी संध्याकाळी वडिलांनी माझ्या नावाने आंघोळ केली. आपल्याकडे हे नुसतं बोलायचं असतं. अमक्याच्या नावाने आंघोळ केली, म्हणजे तो आपल्याला मेला. माझ्या वडिलांनी ते खरोखर केलं. पंचगंगेच्या पायऱ्या उतरून, अंगावरच्या कपड्यांनिशी, सुतक फिटायला करतात तशी बुडी मारली. आणि दादा वरच्या पायरीवर त्यांचं कोरडं धोतर हातात धरून उभा होता. हे मला नंतर आईकडून कळलं. ती असेपर्यंत देवळाच्या निमित्ताने बाहेर पडून कधीमधी भेटायची. वडिलांचं धोतर दादाने धरलं, याचं दुःख मला बुडीपेक्षा जास्त झालं. वडील गेले ते मला चौथ्या दिवशी भाजीवालीकडून समजलं.

दादा मला पुढे दोनदा दिसला. दोन्ही वेळा ठठेरी बाजारात, आणि दोन्ही वेळा तो पहिल्या मिळेल त्या गल्लीत वळला. एकदा तर ती गल्ली पुढे बंद होती. मी मुद्दाम थांबले नाही.

गेल्या रविवारी सकाळी त्याची मुलगी ऋता आमच्या दारात उभी राहिली. ऋता माझ्याच कॉलेजात शिकली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना आडनाव वाचलं, मान वर केली, तर समोर माझ्या आईचं नाक. तेव्हापासून ती घरी चोरून येते आणि मला आत्या म्हणते. पण त्या दिवशी ती चोरून आली नव्हती.

"आत्या, बाबांनीच पाठवलंय," ती म्हणाली. ती बसलीसुद्धा नाही. "तुमची तबियत खराब आहे ते त्यांना मालूम पडलं. ते तुमच्यासाठी मृत्युंजयाचा जप करवणार आहेत. उद्यापासून, ऑपरेशन होईपर्यंत. घरीच. चार जण बसतील आणि बाबा स्वतः."

बोलता येण्यासारखं छातीत काही उरलं नव्हतं. त्याला झडपही कारण असेल.

"बस एक गोष्ट पूछायची होती. बाबा विचारतात, गोत्र कोणतं सांगू?"

तेहेतीस वर्षांनी माझ्या भावाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कशी आहेस नाही, खूप दुखतं का नाही. गोत्र कोणतं सांगू.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांच्यासाठी सांगते. कुठलाही विधी सुरू करताना हातात पाणी घेऊन आधी संकल्प म्हणायचा असतो. त्यात वर्ष, महिना, तिथी, नदीचा कुठला काठ, हे सगळं येतं आणि शेवटी हे कुणासाठी चाललंय ते. आधी त्या माणसाचं गोत्र, मग नाव. मग हातातलं पाणी ताम्हनात सोडायचं. गोत्राशिवाय केलेलं कुणाला पोचत नाही, असं आमच्या घरात तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असायचं. आणि मुलीचं गोत्र लग्नात बदलतं. बाप कन्यादान करतो तेव्हा ती बापाच्या गोत्रातून नवऱ्याच्या गोत्रात जाते.

माझं कन्यादान झालंच नाही. कोर्टातल्या बाबूने सह्या घेतल्या आणि शिक्का मारला. म्हणजे दादाच्या शास्त्राने बघायचं तर मी अजून कौंडिण्य गोत्राची, बापाच्याच घरची. पण जिच्या नावाने बापाने आंघोळ केली ती त्याच्या गोत्रात राहील कशी? बरं, नवऱ्याचं गोत्र सांगावं तर माझं लग्न झालं हे संकल्पात उच्चारून मान्य करावं लागतं, आणि ते त्या घरात कुणी कधी मान्य केलं नाही. बिचारा दादा चांगलाच अडकला होता. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की त्याने स्वतःची अडचण माझ्या पदरात टाकली आहे. मी काहीही सांगितलं तरी जपाला माझी संमती झाली. आणि काहीच सांगितलं नाही, तर भावाच्या पहिल्या प्रश्नाला मी दार लावलं.

"अहो, तुमचं गोत्र काय?" मी नीलकंठला विचारलं. त्याला मी एरवी अरे म्हणते. अहो आलं की त्याला कळतं की प्रकरण गंभीर आहे.

"गोत्राचं काही माहीत नाही बुवा. देवक माहीत आहे. कळंब. लग्नात कळंबाची डहाळी पूजतात आमच्यात," तो म्हणाला. "आपल्या लग्नात तीही नव्हती. पण चालत असेल तर घाल म्हणावं."

ऋता हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या आईचं नाक घेऊन बघत होती. का कोण जाणे, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या बाबांना सांग," मी म्हणाले, "घाटावर ज्याला स्वतःचं गोत्र माहीत नसतं अशा माणसाला ते काय म्हणतात? काश्यप म्हणतात ना? रोज दहा जणांना म्हणत असतील. मग माझ्यासाठीही तेच म्हणा म्हणावं. ओळख ना पाळख, आली कोणी बाई."

ऋताचा चेहरा उतरला. "आत्या, असं नका बोलू," ती म्हणाली. "ते खूप परेशान आहेत." आणि पाणीसुद्धा न पिता गेली.

मी जिंकले होते. तो आनंद दुपारच्या चहापर्यंत टिकला.

सोमवारी संध्याकाळी ऋताचा फोन आला. तिने बाबांना माझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं. सकाळी आसनं मांडली, चौघे आले, बाबांनी हातात पाणी घेतलं आणि संकल्प म्हणायला सुरुवात केली. गोत्राच्या जागी आले आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच थांबले. मग पाणी तसंच तुळशीत टाकून उठले. चौघांना म्हणाले, आज राहू द्या.

"काश्यप नाही म्हणाले?" मी विचारलं.

"नाही, आत्या."

"आणि कौंडिण्य?"

"काहीच नाही. बस वहीं अटकतात."

मंगळवारीही तेच झालं.

आता बघा, माझ्यासाठी चाललेला एक जप माझ्याच बोलण्याने बंद पडला होता. मला बरं वाटायला हवं होतं. सगळ्या गावाचं तोंड मला बंद करता आलं नाही, पण निदान एका घरात तरी माझं नाव न विचारता घेतलं जात नव्हतं. पण बरं वाटेना. मंगळवारभर मी कपाटं आवरली, डॉक्टरांनी वाकू नका सांगितलेलं असताना. एकीकडे मनात येई, बरं झालं, त्यालाही कळू दे. दुसरीकडे येई, सगळं जग माझ्यासाठी काही ना काही पुटपुटतंय आणि माझा सख्खा भाऊ तेवढा गप्प आहे. जे मुळात निरर्थक आहे असं मी जन्मभर सांगत आले, ते थांबलं म्हणून मला भीती वाटत होती. वर्गात एखाद्या मुलीने अशी उत्तरपत्रिका लिहिली असती तर मी तिला शून्य दिलं असतं.

"तू त्याला फोन कर," नीलकंठ म्हणाला.

"आणि काय सांगू? तुझा जप मला नको आहे, पण तू तो बंद का ठेवलास?"

"तसंच सांग. खरं आहे ते."

"काहीतरीच."

नीलकंठही काही मानत नाही. फक्त माझ्यासारखा त्याचा आवाज चढत नाही. मग म्हणाला, "प्रमोदिनी, मीसुद्धा काल मनातल्या मनात काहीतरी म्हटलं. कुणाला ते माहीत नाही. तुला राग येणार असेल तर नाही सांगत."

मला राग आला नाही. मला त्याच्या हाताशिवाय दुसरं काही धरायला सापडेना.

आज बुधवार. सकाळी इस्पितळात दाखल झाले. त्यांनी रक्त घेतलं, कागदांवर सह्या घेतल्या, हिरवा अंगरखा दिला. एका कागदावर लिहिलं होतं की जिवाला धोका होऊ शकतो हे मला समजावून सांगितलं आहे. मी सही केली. कुठलीही सही इतकी सरळ आणि प्रामाणिक मी आजवर केली नसेल.

दुपारी बाराच्या सुमारास ऋताचा फोन आला. ती कुजबुजत होती. "आत्या, बाबा बसलेत. आज फक्त एकच दिवस उरला म्हणून चौघांना सकाळपासून थांबवून ठेवलंय. मी फोन इथेच ठेवते. तुम्ही ऐका. त्यांना मालूम आहे."

नीलकंठने माझ्या हातातला मोबाईल घेऊन आवाज मोठा केला आणि उशीवर ठेवला. आधी भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मग दादाचा आवाज. मी तो तेहेतीस वर्षांत ऐकला नव्हता. तो हुबेहूब वडिलांचा झाला होता, फक्त मधे मधे धाप लागत होती. म्हणजे तोही म्हातारा झालाय, हे मला तेव्हा कळलं.

संकल्प सुरू झाला. अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, आनंदवने, महाश्मशाने. काशीत संकल्प सांगताना गावाचा पत्ता असाच सांगतात, महाश्मशान म्हणून. माझ्या दीर्घायुष्यासाठी बसलेला माणूस सुरुवातीलाच स्मशानाचा पत्ता देत होता. एरवी मी यावर नीलकंठशी तासभर वाद घातला असता. आता माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. भागीरथ्याः पश्चिमे तीरे. लहानपणी ऐकून ऐकून पाठ झालेलं, ते गेलं नव्हतं. वर्ष आलं, महिना आला, तिथी आली, वार आला. आता गोत्र.

दादा थांबला.

मग त्याने एकदम म्हटलं, "प्रमोदिनीनाम्न्याः मम भगिन्याः." प्रमोदिनी नावाच्या माझ्या बहिणीच्या. आणि पुढे आरोग्याचं म्हणू लागला.

मला आधी फक्त भगिन्याः एवढंच ऐकू आलं. मग माझ्या कानांनी, त्या घरात वाढलेल्या कानांनी, चूक पकडली. गोत्र आलंच नव्हतं. ना कौंडिण्य, ना काश्यप, ना आणखी कुठलं. नावाच्या आधीची जागा त्याने मोकळी सोडली होती.

"दादा," मी मोठ्याने म्हणाले. "दादा, गोत्र राहिलं."

नीलकंठ माझ्याकडे बघत राहिला.

"राहिलं नाही, प्रमू," दादाचा आवाज आला. अगदी रोज बोलतो असा. "मीच सोडलं. तीन दिवस अटकलो तिथे. कौंडिण्य म्हणावं तर तुझा संसार खोटा पडतो. नवऱ्याचं म्हणावं तर ते मला मालूम नाही, आणि विचारायचं तोंड नव्हतं. आणि काश्यप... काश्यप मला म्हणता येत नाही. तू कोणी आलेली बाई नाहीस."

मी रडत होते. मला हसूही येत होतं. मी देव न मानणारी बाई, छातीवर वायरी लावून इस्पितळाच्या खाटेवर पडलेली, आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, पण मग ते पोचेल कसं?"

हे मी विचारलं. मीच विचारलं. ते पोचावं असं मला किती वाटत होतं हे मला तो प्रश्न विचारेपर्यंत माहीत नव्हतं, आणि आत्ता हे सांगतानाही ते मला नीट कळलेलं नाही.

दादा या बाबतीत कधी निरुत्तर झालेला मी पाहिला नाही. लोक त्याला लांबून शंका विचारायला येतात.

"मालूम नाही," तो म्हणाला. "पोथीत असं कुठे नाही. वडील असते तर म्हणाले असते, फुकट गेलं. चौघे इथे माझ्याकडे बघताहेत." मग जरा घाईने म्हणाला, "प्रमू, बोल लवकर. हातातलं पाणी गळायला लागलंय. काय करू?"

आता मी त्याला सांगू शकले असते की राहू दे, मी हे मानत नाही. किंवा कुठलंही एक गोत्र सांगून मोकळी होऊ शकले असते. नीलकंठने माझ्या पायावर हात ठेवला होता.

"सोड," मी म्हणाले. "आहे तसंच सोड."

ताम्हनात पाणी पडल्याचं मला ऐकू आलं नाही. फोनवर तेवढं ऐकू येत नाही. फक्त दादाचा श्वास ऐकू येत होता, आणि तो फोनपाशी आला असावा, कारण तो फार जवळ होता.

"दादा, मला फार भीती वाटते," मी म्हणाले.

"मलाही," दादा म्हणाला, आणि पलीकडे जप सुरू झाला.